सातबारा कोरा, शेत तळ्यात

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी साडेआठलाच मामा माझ्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसले होते. नात्याने ते माझे कोणी नाहीत. आमच्या गावच्या मुक्कामी एसटीवर ते ड्रायव्हर होते, तेव्हापासून आम्ही सगळी पोरं त्यांना मामाच म्हणतो. निवृत्तीचे पैसे हातात आले होते आणि दोन एकर रान घ्यायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"ताई, उद्या साडेतीन मुहूर्तापैकी एक हाय. खरेदी उरकून टाकू. तुमचा कागूद झाला का?"

कागद म्हणजे शोध अहवाल. तो झाला होता. जालना आणि परभणीच्या सीमेवरच्या तालुक्याच्या गावी मी अठरा वर्षं वकिली करते, आणि त्यातला निम्मा वेळ जमिनीचे कागद बघण्यातच जातो. मामांच्या व्यवहाराचे कागद तर नजर ठरू नये इतके चोख होते. गटाचं एकूण क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, त्यातले खालच्या अंगाचे ८० आर मामा घेणार. भाव एकरी अकरा लाख, दोन लाख इसार दिलेला. सातबाऱ्यावर कर्ज, बोजे लिहायचा इतर हक्काचा रकाना कोरा. विकणाऱ्या दादांच्या बापाच्या पश्चात दोन भावांचा वारसाचा फेर, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मग वाटणीचा फेर, बास. तीस वर्षांच्या इंडेक्स टू मध्येही, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीतही, काही निघालं नाही.

मामांचा एकच प्रश्न होता. "ह्याच्यातून नवा हायवे तर जात नाही ना?"

हा प्रश्न आमच्याकडे आता सगळेच विचारतात. समृद्धी जालन्यावरून गेली, मग जालना-नांदेड जोडरस्त्याची आखणी आली, आणि चहाच्या टपरीवरसुद्धा लोक मोबाइलवर नकाशे मोठे करून बघायला लागले. विचारतात ते बरोबरच आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली, की कलेक्टरांच्या परवानगीशिवाय त्या जमिनीचा व्यवहारच करता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या कायद्याची '३ए' आणि '३डी' या कलमांखालची अधिसूचना बघावी लागते, कारण ३डी प्रसिद्ध झाली की जमीन थेट केंद्र सरकारची होते. एमआयडीसीचा कायदा पुन्हा वेगळा, १९६१ चा. आणि यातलं काहीही सातबाऱ्यावर चढायला वेळ लागतो. अधिसूचना राजपत्रात येते, पेपरात येते, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, आणि तलाठ्याकडे फेर त्यानंतर कधीतरी होतो. नेमक्या त्याच मधल्या काळात माणसं फसतात. म्हणून मी प्रांत कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि राजपत्रात गट नंबर टाकून सगळं बघून घेतलं होतं. मामांच्या गटावर कसलीच अधिसूचना नव्हती.

"नाही जात," मी म्हणाले. "पण रान बघितल्याशिवाय मी सही करत नसते. चला, आत्ता जाऊन येऊ."

मामांना ते फारसं रुचलं नाही. त्यांनी रान दोनदा पाहिलं होतं. "काळीभोर माती हाय ताई, हातभर खोल. वर मुरमाड हाय, पण खाली सोनं हाय." तरी निघाले.

गावापासून दोन किलोमीटरवर पांदीतून आत गेलो. वरचं रान खरोखर मुरमाड, तांबूस. उतार संपतो तिथून एकदम काळी सपाट जमीन लागत होती आणि तिच्यात हिरवीगार मका उभी होती. एप्रिल संपत आलेला. आजूबाजूला सगळं करपलेलं असताना एवढा एकच तुकडा हिरवा, त्यामुळे कोणाचंही मन बसावं असंच ते रान. मी बांधावर बसले आणि एक ढेकूळ उचलून फोडलं. आत पांढरं काही चमकलं. नखाने उकरलं तर गोगलगायीचं कवच निघालं, पाण्यातल्या गोगलगायीचं, शेंगदाण्याएवढं. दुसरं ढेकूळ फोडलं, त्यात शिंपल्याचे तुकडे. मग जिथे हात घालावा तिथे तेच.

मामा म्हणाले, "काय झालं ताई?"

मी मान वर करून पूर्वेकडे पाहिलं. दीडेकशे पावलांवर झाडोऱ्याने झाकलेली एक लांब पाळ होती. मघाशी मला ती नाल्याचा काठ वाटली होती. जवळ गेलो तर आतल्या बाजूने दगडांचं पिचिंग, एका टोकाला फुटका सांडवा. मधल्या बाभळींच्या बुंध्यांवर मांडीएवढ्या उंचीवर पाण्याचा मळकट पट्टा उमटलेला, सगळ्या झाडांवर एकाच पातळीत.

पाळीवर एक आजी शेरडं राखत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, आजी, हे रान कोणाचं?

"रान कुठलं माय, हे तळं हाय. बहात्तरच्या दुष्काळात आम्हीच खांदलं. माझी सासू, मी, समदे. सुकडी खाऊन माती वाहिली बघ." मग हाताने मक्याकडे दाखवत म्हणाल्या, "पाणी आटलं की ज्याचं पहिलं व्हतं तो पेरतो. पाऊस चांगला झाला की पार त्या बाभळीपस्तोर पाणी येतं."

गाळपेर! मामांनी सोनं म्हणून पाहिलेली माती तळ्याचा गाळ होती. मामा तिथेच पाळीवर खाली बसले. दोन लाख इसार गेला होता आणि उद्या बाकीचे वीस जायचे होते.

१९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर मराठवाड्यात पाझर तलाव खोदले गेले. लोकांना काम आणि धान्य हवं होतं, तलाठ्याने ताबा पावतीवर अंगठे घेतले आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडली. भूसंपादनाची कागदोपत्री कारवाई कुठे दहा वर्षांनी झाली, कुठे अजून व्हायची आहे. या मामल्यात काय झालं होतं ते जिल्ह्याला जाऊनच कळणार होतं, म्हणून तिथूनच आम्ही एसटी धरली.

भूसंपादन शाखेत गट नंबर सांगितला. रजिस्टरमध्ये नाही. गावाचं नाव सांगितलं, तरी नाही. तिथले अव्वल कारकून वयस्क होते, मला बऱ्याच वर्षांपासून ओळखतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, जुना सर्व्हे नंबर आणलाय का? तलाव झाला तेव्हा तुमचा गट जन्मालाच आला नव्हता."

हीच मेख होती आणि मी इतकी वर्षं काम करून त्या दिवशी तिथे क्षणभर अडखळले. जमिनींच्या एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. जुनं संपादन सर्व्हे नंबरावर नोंदलेलं असतं आणि आपण शोधतो गट नंबराने, मग सापडणार कसं? शिवाय निवाडा, म्हणजे संपादनाचा आणि मोबदल्याचा सरकारी निर्णय, हे काही खरेदीखत नव्हे, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जात नाही, त्यामुळे इंडेक्स टू कितीही चाळलं तरी तो त्यात उमटत नाही. आणि आमचा शोध तीस वर्षांचा, म्हणजे १९९५ पासूनचा. मी भूमी अभिलेखच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर मिळवला, आणि कारकून साहेबांनी या वेळी गावाऐवजी तलावांच्या नावांचं रजिस्टर काढलं.

सव्वातीनला लाल फडक्यातला बस्ता टेबलावर आला. गाठ सोडताना धूळ उडाली. १८९४ च्या जुन्या कायद्याखालचा निवाडा, साल १९८६. त्या सर्व्हे नंबरापैकी ५८ आर संपादित. मोबदला वाटप पत्रकात विकणाऱ्या दादांच्या वडिलांचं नाव, आणि त्यापुढे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. पैसे पोचले होते, ताबा तर त्याआधीच गेलेला होता. जुन्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशी जमीन सगळ्या बोजांतून मोकळी होऊन सरकारची झाली. मामा ज्या ८० आरचे बावीस लाख देणार होते, त्यातले ५८ आर जवळपास चाळीस वर्षांपूर्वीच विकणाऱ्याचे राहिले नव्हते. खरेदीखत मात्र बिनदिक्कत नोंदलं गेलं असतं. मालकी खरी की खोटी याचा निर्णय दुय्यम निबंधक करत नाहीत.

राहिलं होतं ते एकच काम, कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक. निवाड्यानंतर संपादन करणाऱ्या खात्याने मोजणी करून घ्यायची, भूमी अभिलेखने कमी-जास्त पत्रक काढायचं, आणि त्यावरून तलाठ्याने फेर घेऊन सातबाऱ्याचं क्षेत्र कमी करायचं. ते इथे कोणी केलंच नाही. त्यामुळे सातबारा १ हेक्टर ६२ आरचाच राहिला, त्या कुटुंबाने सारा पूर्ण क्षेत्राचा भरला, आणि पोरांनी कागद बघून रान आपलंच धरलं. एका अधिकाऱ्याच्या सहीअभावी दोन पिढ्यांना स्वतःचं शेत केवढं आहे हे माहीत नव्हतं. याचा मला त्या दिवशी फार राग आला, अजूनही येतो.

संध्याकाळी दादांना बोलावलं. मला वाटलं होतं आवाज चढेल. मी मोबाइलवर घेतलेला पत्रकाचा फोटो त्यांच्यासमोर धरला. ते बराच वेळ बघत राहिले, मग दोन बोटांनी फोटो मोठा करून अंगठ्याचा ठसाच बघत बसले.

"हा अण्णाचा हाय," ते म्हणाले. "त्यांच्या अंगठ्याला विळ्याची खाप व्हती आडवी. दिसतीय बघा." खरंच, ठशाच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ होती. "आम्ही लहान व्हतो ताई. अण्णा कव्हा बोलले नाहीत. तळं आटलं की पेरायचं, एवढंच आम्हाला ठाव."

मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने दादा स्वतःच म्हणाले, इसाराचे ऐंशी हजार आहेत, ते उद्या देतो; बाकीचे पोरीच्या लग्नात गेले, सोयाबीन निघाल्यावर देईन. मी लिहून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या. मुहूर्त गेला.

तेव्हापासून सरकारी संपादनाची चौकशी करताना मी येणाऱ्या रस्त्याआधी होऊन गेलेलं तळं शोधते. आधी जुना सर्व्हे नंबर, मग शिवारातले पाझर तलाव, गावतळी, कालवे यांच्या नावांनी निवाडे, आणि सगळ्यात आधी गावातलं एखादं म्हातारं माणूस. अहवालात तीस वर्षं लिहायची पद्धत आहे, ती मी पाळते, पण ५८ आर त्या तीस वर्षांच्या बाहेर पडले होते हे विसरू शकत नाही.

कजापचा अर्ज दादांनी आपल्या हाताने दिला. आपलं क्षेत्र कमी करा म्हणून अर्ज करणारा शेतकरी मी पहिल्यांदाच पाहिला. त्याला सहा महिने लागले. दिवाळीनंतर नवा सातबारा आला, १ हेक्टर ०४ आरचा.

मामांनी त्यातलंच वरचं एक एकर घेतलं, मुरमाड, पहिल्यापेक्षा कमी भावाने, उरलेला इसार त्यातच वळता करून. खरेदीच्या दिवशी सकाळी ते पुन्हा ऑफिसच्या पायरीवर बसले होते. पिशवीतून कागदाच्या आधी तांबूस मातीची तीन ढेकळं निघाली. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि एकेक हाताने फोडून दाखवली. आत मुरूम होता, शिंपला नव्हता.