मारव्यात सा उशिरा येतो

चिंगी 13 वर्षांची होती, रस्त्यावरची गावठी कुत्री. मूत्रपिंडं निकामी झाली. नऊ दिवस रोज सलाइन लावलं, दहाव्या दिवशी पहाटे ती गेली. परसात पेरूच्या झाडाखाली तिला पुरलं. त्या दिवसांबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

पहाटे मी खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजाला बसायचे तेव्हा तंबोऱ्याची गवसणी, म्हणजे कापडी खोळ, काढून बाजूला टाकली की चिंगी तिच्यावर गिरक्या घेऊन वेटोळं करायची. ती गेल्यावर गवसणीला हात लावायचा धीर होईना. काढली तर ती जमिनीवर रिकामी दिसणार. तीन आठवडे तंबोरा कोपऱ्यात तसाच उभा. कुणी म्हणालं, दुसरं पिल्लू आण. कुणी म्हणालं, गाणी ऐक, बरं वाटेल. ऐकलीही. गाणं चालू असायचं आणि मी दाराकडे बघत बसायचे.

शेवटी एका संध्याकाळी माझ्या गाण्याच्या बाई घरी आल्या. त्यांनीच गवसणी काढली. तिच्यावरचे पांढरे केस त्यांनी पाहिले, पण झटकले नाहीत. घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. मग तंबोऱ्याची पंचमाची (प) तार चढवून निषादाला (नी) लावली, कारण मारवा रागात पंचम वर्ज्य. म्हणाल्या, "सा गाठायची घाई नको गं. रिषभावरच (रे) थांब."

मारव्याचा सगळा जीव कोमल रिषभात आणि धैवतात (ध). षड्ज, म्हणजे सा, असतो, पण त्याच्यावर सहजासहजी टेकायचं नसतं. एरवी हे मला अवघड जायचं, सा सोडून राहवायचंच नाही. त्या दिवशी मात्र रिषभावर उभी राहिले आणि पहिल्यांदाच वाटलं, मला लवकर सावर असं कुणी म्हणत नाहीये. घसा दाटून आवाज तुटला. बाई तंबोरा छेडत राहिल्या. जरा वेळाने तिथूनच पुन्हा सूर धरला.

मिरजेला राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात सूर मिळवायला शिकवलं होतं, अशी गोष्ट सांगतात. बाईंनी ती त्याच दिवशी सांगितली. कुत्र्याला सूर किती कळतो यावर मी वाद घालणार नाही. तार उतरली की चिंगी मान वर करायची, एवढं मी रोज पाहिलंय.

पुढे दोन महिने फक्त संध्याकाळी अर्धा तास, फक्त मारवा. रडून बसलेल्या गळ्याला वरचं तार सप्तक झेपत नव्हतं, म्हणून खालच्या मंद्र सप्तकातच आलाप करायचे. कधी षड्जावर यायचे, कधी नाही. पहाटेच्या रियाजाला मात्र बसवत नव्हतं. ती वेळ तिची होती.

गेल्या आठवड्यात पहाटे उठून तार पुन्हा पंचमावर उतरवली. गवसणी काढली आणि नेहमीच्या जागी पसरून ठेवली. केस अजून तसेच आहेत. मग खर्जाचा सा लावला. बराच वेळ लावला.