लाव्हा बघायला गेलो आणि चित्रं बघून आलो

२०१९च्या सप्टेंबरात भावाकडे सिअ‍ॅटलला गेलो होतो, तिथूनच आठ दिवस हवाईला जाऊन आलो. मला बीचचं वगैरे काही नव्हतं, मला किलाउएया ज्वालामुखीचा लाव्हा बघायचा होता, कारण घरी येऊन ऑइलमध्ये लाल-केशरी खेळायचं होतं, एवढाच स्वार्थ. तर तिथे गेल्यावर कळलं की लाव्हा नाहीचे! २०१८च्या उद्रेकात वरच्या तळ्यातला सगळा लाव्हा निघून गेला, हालेमाऊमाऊचा खड्डा आत कोसळला आणि तेव्हा म्हणे तळाशी पाणी साचायला लागलं होतं, तेही आम्ही उभे होतो तिथून दिसत नव्हतं. नवरा म्हणाला, एवढं तिकीट काढून खड्डाच बघायचा होता तर आपल्या रोडवर काय कमी आहेत का.

मग वैतागून व्हिजिटर सेंटरमध्ये शिरलो आणि तिथे ती भेटली. पेले. ज्वालामुखीची देवी. आर्थर जॉन्सन म्हणून तिथल्याच पुना भागातल्या चित्रकाराने केलेलं चित्र, सगळं लालच्याच छटांमध्ये, डाव्या हातात जमीन खणायची काठी आणि उजव्या हातात अंडं, त्या अंड्यात तिची धाकटी बहीण हिइआका. गोष्ट अशी की पेले लांबच्या काहिकीहून निघाली, मोठी बहीण म्हणजे समुद्राची देवी, तिच्याशी हाडवैर, ती मागावर. पेले प्रत्येक बेटावर काठीने खड्डा खणून आग ठेवायला बघते आणि ही मागून येऊन पाणी ओतते. काउआई झालं, ओआहू झालं, माउई झालं, शेवटी बिग आयलंडवर हालेमाऊमाऊत ती टिकली. आणि गंमत म्हणजे बेटांच्या वयाचा क्रमही हाच आहे, काउआई सुमारे ५० लाख वर्षांचं आणि बिग आयलंड १० लाखांच्या आतलं. जिऑलॉजीवाले यायच्या कितीतरी आधी गोष्टीत हे होतं, मला तर काटाच आला अंगावर.

पण मला जास्त आवडली ती त्या चित्राच्या मागची भानगड. आधी तिथे डी. हॉवर्ड हिचकॉकने १९२९मध्ये केलेली पेले होती. हिचकॉकचा जन्म तिथल्याच हिलो गावचा, मोठा चित्रकार, पण त्याची पेले दिसायला चक्क गोरी. स्थानिक हवाईयन लोकांचं म्हणणं, ही आमची देवी नाही. मग २००३मध्ये नवीन पेलेसाठी स्पर्धा झाली, १४०च्या वर चित्रं आली आणि त्यातून जॉन्सनचं निवडलं.

मी तिथेच उभी राहून आमच्या आजीच्या देवघराचा विचार करत होते. आपल्या डोक्यातली लक्ष्मी कोणाची? रवी वर्म्याची. १८९४ला मुंबईत प्रेस काढला, मग तो मळवलीला नेला आणि तिथून ते चेहरे घराघरात गेले, आता लक्ष्मी वेगळी दिसूच शकत नाही. पण आमच्या गावची देवी म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा, ना नाक ना डोळे, आणि आजी कौल लावायची तो तिलाच, कॅलेंडरवालीला नाही. पेलेचंही मला तेच वाटलं, कारण तिथल्या लोकांसाठी लाव्हा म्हणजेच पेले. तिचे केस, तिचे अश्रू असं नाव असलेले काचेचे बारीक धागे आणि थेंब खरोखर त्या दगडांत सापडतात. आणि तिला तूतू पेले म्हणतात, तूतू म्हणजे आजी.

नंतर होनोलुलूच्या म्युझियममध्ये जुनी चित्रं बघितली. १८८०च्या दशकात तिथे ज्वालामुखी रंगवणाऱ्या चित्रकारांची झुंबडच होती, त्यांना व्होल्कॅनो स्कूल म्हणतात. फ्रेंच ज्यूल्स टॅव्हर्निये १८८४ला आला, किलाउएयाचं वेड लागलं, दारूही सुटेना आणि १८८९ला होनोलुलूतच गेला, पंचेचाळिशीत. चार्ल्स फर्नो त्याच्याही आधीचा, मौना लोआ या शेजारच्या ज्वालामुखीचा लाव्हा हिलो गावावर चालून येत होता तो त्याने रंगवला. १८८१मध्ये राजकन्या रूथ केएलिकोलानी त्या लाव्ह्याला सामोरी गेली, पेलेला ब्रँडी आणि लाल रेशमी रुमाल वाहिले आणि लाव्हा गावाच्या वेशीवर थांबला. आता तो कशाने थांबला ते तुम्ही ठरवा, हिलो आहे अजून जागेवर.

मी बघितलेल्या या चित्रांत पेले कुठेच नव्हती बरं का, नुसता खड्डा, रात्र आणि खालून उजळलेली वाफ. पण मला तीच चित्रं देवीची वाटली, चेहरावाल्यांपेक्षा जास्त. अर्थात जॉन्सनची मला आवडते, हे मी बाजू घेऊन बोलत नाहीये.

घरी आल्यावर अर्थातच मीही बसले. पहिला कॅनव्हास इतका वाईट झाला की मुलगी म्हणाली आई हा पास्ता आहे का. चूक अशी होत होती की लाव्हा चमकावा म्हणून मी लालमध्ये पांढरा टाकत होते आणि तो गुलाबी होत होता, स्ट्रॉबेरी मिल्कशेक! मग ती जुनी चित्रं आठवली, त्यांच्यात उजेड कमी आणि काळोखच जास्त आहे, आणि त्या काळोखात तपकिरी, जांभळा, बाटलीचा हिरवा सगळं आहे. मग पूर्ण कॅनव्हासला आधी बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, फासला, वाळू दिला, त्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेले थर, एकेक थर वाळायला आठवडा, पावसाळ्यात तर दोन, आणि अगदी शेवटी पेंटिंग नाइफने फक्त एक भेग, कॅडमियम ऑरेंज आणि मधोमध किंचित पिवळा. बास. अख्ख्या चित्रात उजेड बोटभर आणि तोच पेटलेला दिसतो. हातातला फडका म्हणजे आईची जुनी सुती साडी, तिचाही पार लाव्हा झाला.

वाळायला म्हणून तो कॅनव्हास हॉलमध्ये भिंतीला टेकवून खालीच ठेवला होता. आई आली, चष्मा पुसून बघितलं, म्हणाली, होळी आहे का गं? म्हटलं नाही, देवी आहे, तिकडची.

"मग जमिनीवर काय ठेवलीयेस, पाय लागेल कोणाचा. उचल वर आधी."