सज्जनगडाचा चढ आणि ढिला हँडब्रेक

साताऱ्यातल्या समर्थ मंदिराच्या चौकातून पुढे जाऊन बोगदा ओलांडला की शहर एकदम मागे पडते आणि डोंगर सुरू होतो. श्रावणाची झड लागलेली होती, उरमोडीचे खोरे ढगांनी भरले होते आणि परळीच्या बाजूने गडावर चढणारा रस्ता पार ओलाचिंब होता. आमची गाडी म्हणजे मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेली जुनी, साधी हॅचबॅक. वाहनतळावर जागा मिळाली तीही चढावरच. हँडब्रेकचा दांडा ओढला तर तो नेहमीपेक्षा कितीतरी वर आला आणि ब्रेकवरचा पाय हलका करताच गाडी हातभर मागे सरकली. समोरचा लाल दिवा मात्र इमानेइतबारे लागलेला होता. दांडा उचलला गेला आहे एवढेच तो दिवा सांगतो. चाके धरली गेली आहेत की नाहीत, याची त्याला काहीच खबर नसते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, घसरलीच तर दरीकडे न जाता डोंगराला टेकावी अशी पुढची चाके वळवली आणि मागच्या चाकांखाली दगड लावले. समाधीचे दर्शन झाले, प्रसादही झाला. पण पायऱ्या उतरताना माझे निम्मे लक्ष वाहनतळाकडेच होते.

खाली सपाट रस्ता लागल्यावर दोष नेमका कुठे असावा याचा अंदाज घेतला. दांडा फार वर येत असेल तर बहुधा ब्रेक शू (आतून दाबून चाक अडवणारे अर्धगोल तुकडे) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारा त्यांच्यावरचा डबा) यांच्यातले अंतर वाढलेले असते किंवा केबल ताणून लांबलेली असते. दांडा योग्य जागी घट्ट होऊनही गाडी थांबत नसेल, तर लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीवर, ऑइल उतरले आहे का किंवा ते घासून गुळगुळीत झाले आहे का, हे पाहावे लागते. छोट्या गाड्यांत साधारण चार ते आठ दात्यांत (दांडा ओढताना होणाऱ्या टकटकीत) ब्रेक लागायला हवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आमच्या दांड्याची टकटक त्यापुढेही चालूच राहिली, म्हणजे दुखणे पहिल्या जातीचे होते.

साताऱ्यात परतल्यावर एका गॅरेजात गाडी नेली आणि वरचा नट आवळून द्यायला सांगितले. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, नट दोन मिनिटांत आवळून देतो, पण दुखणं खाली चाकात हाय. आधी ड्रम उघडू."

त्यांचे म्हणणे रास्त होते. दांड्याजवळचा नट केवळ केबल ओढतो. ड्रममधले अंतर तसेच ठेवून केबल आवळली, तर ब्रेक शू कायम थोडे ओढलेले राहतात. मग चाक घासत फिरते, ड्रम तापतो आणि बऱ्याच गाड्यांत शूचे अंतर आपोआप राखणारी यंत्रणाही नीट काम करत नाही. घाटात हे महागात पडते.

पुढच्या चाकांना अडसर लावून, हँडब्रेक पूर्ण सोडून त्यांनी मागचा भाग जॅकवर उचलला. उजवा ड्रम सहज निघाला. डावा निघेना, कारण त्याच्या आतल्या कडेला घासून घासून धार आली होती. हातोडीने हलके ठोकत तो सुटला. लायनरची जाडी पुरेशी होती, मात्र शूंमधला आपोआप फिरणारा स्क्रू गंजून अडकला होता. त्याचे दातेरी चाक बोटाने हलेना. साचलेली भुकटी हवेने न उडवता त्यांनी ओल्या फडक्याने पुसली (हे मला विशेष आवडले, कारण ती भुकटी श्वासात जाणे बरे नव्हे), स्क्रू खोलून तारेच्या ब्रशने साफ केला, आट्यांना अगदी नखभर ग्रीस लावले आणि ड्रम बसवल्यावर हलकीशी घासण ऐकू येईल इतपत स्क्रू फिरवला. मग ब्रेकचे पेडल अनेकदा दाबून दोन्ही शू मधोमध बसवले.

एवढे झाल्यावरच त्यांनी दांड्याखालचे कव्हर काढून नटाला हात घातला. दांडा एकेक दात उचलायचा आणि कोणीतरी मागचे चाक हाताने फिरवून पाहायचे: सुरुवातीच्या एक-दोन दात्यांवर घासण सुरू व्हावी, दांडा पुरता ओढल्यावर दोन्ही चाके सारख्याच ताकदीने अडावीत आणि सोडल्यावर ती मोकळी फिरावीत. एकच चाक अडले, तर दुसऱ्या बाजूची केबल गंजून अडकल्याचा संशय घ्यायचा.

त्या रात्री मुक्कामाच्या सपाट अंगणात गाडी गिअरमध्येच उभी केली. पावसात हँडब्रेक ओढून गाडी बराच वेळ ठेवली की लायनर ड्रमला चिकटून बसतात. सकाळी ठोसेघरचा चढ चढलो. चढणीवर ब्रेक फारसा लागत नाही, त्यामुळे घासत असलेले चाक तिथे लगेच ओळखू येते. धबधब्याजवळ गाडी लावून चाकांजवळ हात नेला, तेव्हा डावे चाक उजव्यापेक्षा किंचित गरम लागले. परतताना गॅरेजवर थांबलो आणि मिस्त्रींनी डाव्या बाजूचा स्क्रू एक दात मागे घेतला.