चार बोटं विणलं, तीन बोटं उसवलं

म्हणजे हिशोबाने एक बोट प्रगती. वाईट नाहीये, काल तर उणेच होतं.

फ्रेमवर उभे धागे ताणून त्यांतून आडवी लोकर विणायला शिकतेय. साधं विणकाम, एका धाग्यावरून एका धाग्याखालून, ते आता हाताला बसलंय, गप्पा मारत मारत जमतं. म्हणून मोठ्या तोऱ्यात ठरवलं की आता दोन रंग शेजारीशेजारी आणि मधे उभी सरळ रेघ. कागदावर पट्टीने आखायला दोन सेकंद. फ्रेमवर काय होतं तर डावीकडचा हळदी बाणा (आडवा धागा) ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांपैकी, दहाव्या धाग्यावरून मागे फिरतो, उजवीकडचा निळा अकराव्यावरून, आणि त्या दोघांना धरून ठेवणारं मधे कोणीच नाही. दहा-बारा ओळींनी बघते तर चक्क फट, करंगळी आरपार! मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तसं नाहीये, किलीममधे (अशाच विणलेल्या सपाट गालिच्यात) ही फट असतेच, फक्त ती फार लांब होऊ देत नाहीत, थोड्या ओळी झाल्या की रेघ एखाददोन धागे बाजूला सरकवतात, म्हणून तर त्या नक्षीत इतक्या पायऱ्या पायऱ्या दिसतात. मी इतके दिवस त्याला नुसती डिझाइन समजत होते.

पण मला सरळ रेघच हवी होती (हट्ट, दुसरं काय). मग दोन्ही रंग एकाच धाग्यावरून वळवून बघितले, एकदा हळदी एकदा निळा. फट गेली पण त्या बिचाऱ्या एका धाग्यावर दुप्पट लोकर बसायला लागली, तिथे उंचवटा आला आणि रेघ करवतीसारखी दातेरी. कोणाला आवडेलही, मला नाही आवडली.

मग इंटरलॉक. दोन धाग्यांच्या मधल्या जागेत हळदी आणि निळा एकमेकांत अडकवायचे आणि दोघांनी आपापल्या घरी परत जायचं. रेघ छान येते, फट नाही, वेळ किती लागतो ते विचारू नका. पण यात एक गोम आहे, दोन्ही रंग समोरासमोरून यायला हवेत, एक उजवीकडे निघालाय तर दुसरा डावीकडे, तरच मधे गाठ पडते. मी दोघांनाही डावीकडूनच सुरू केलं होतं, त्यामुळे हळदी रेघेपाशी येऊन उभा आणि निळा तिकडे पार दुसऱ्या काठाला. तीन बोटं गेली ती इथे.

आणि सगळं लक्ष त्या रेघेवर, तर तोवर काठ आत ओढले गेले! खाली रुंदी 20 सेंमी, वर येईपर्यंत 17. बाणा वरखाली जातो म्हणून त्याला रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते, तो सरळ ताणून घातला की काठ आत येणारच. टेकडीसारखा सैल ठेवायचा आणि मग दाबायचा (मी फणीऐवजी जेवायचा काटा वापरते, मस्त चालतो). एका रंगात हे आपोआप व्हायचं, दोन रंगात प्रत्येकाची वेगळी टेकडी करावी लागते आणि तेच मी विसरते.

वैतागून शेवटी थोडं सुमाक केलं, म्हणजे लोकर ताण्याच्या धाग्यांभोवती गुंडाळत जायचं, चार धाग्यांवरून पुढे, दोनांखालून मागे, परत चार पुढे. पुढची ओळ उलट्या बाजूने घातली की सुंदर वेणी दिसते. मधे साध्या ओळी घालायच्या, नाहीतर कापड ढिलं पडतं. दहा मिनिटांत इतकं देखणं काहीतरी मिळालं की त्या रेघेचा अजूनच राग आला.

आता निळा परत सुरू करायचाय, यावेळी उजव्या काठाकडून. पण उसवून उसवून ती लोकर पार केसाळ झालीये, तीच वापरू की नवीन कापू हे ठरवता ठरवता रात्रीचे बारा वाजले, आणि लोकरीचेही.