गाडीच्या चिमणीची वाटी

गॅरेजवाल्या मामांनी टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा खालचा पाइप सोडवून तिरका केला आणि काळसर तेलाची धार थेट त्यांच्या चपलेवर पडली. फार नव्हतं, अर्ध्या कपापेक्षा कमीच. पण ज्या पाइपातून नुसती हवा जायची, त्यातून तेल?

"साहेब, गाडी तेल पिते का?" मामांनी पायावरचं तेल वर्तमानपत्राला पुसत विचारलं.

पित होती. दर पाच हजार किलोमीटरला पाऊण लिटर. टर्बो गाड्या पितातच, असं मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मीही ते पुढे चार जणांना सांगितलं होतं.

गाडी २०१४ ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, मी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घेतलेली, त्यामुळे बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, मूळपेक्षा जास्त. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुखणं थोड्याफार फरकाने सगळ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांचं आहे.

मामांनी इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं आणि तोंडावर नुसतं उलटं ठेवलं. झाकण थोडं थरथरलं, उडालं नाही. "बॅक मारत नाहीये, खालून वायू जोरात येत नाही. पिस्टनच्या रिंगा बऱ्या आहेत." मग टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहिला. तोही ठीक. "मग हे ब्रीदरचं तेल."

घरी येऊन हे बायकोला समजावताना माझी पंचाईत झाली. सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली उतरतोच. इंजिन कितीही नवं असो, शंभर टक्के बंद काही होत नाही. खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, तेल उडत असतं, गरम असतं. त्या वायूत तेलाचे बारीक थेंब, पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल असं सगळं मिसळतं. हे बाहेर काढलं नाही तर दाब वाढतो आणि कुठलं तरी सील तेल सोडायला लागतं. म्हणून इंजिनाला श्वास सोडायची वाट, म्हणजे ब्रीदर, ठेवलेली असते, आणि ती वाट प्रदूषण नको म्हणून परत इनटेकलाच, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेलाच, जोडलेली असते.

ती फोडणी टाकत होती. वर बोट दाखवून म्हणाली, "म्हणजे आपल्या चिमणीसारखं. पण चिमणीला खाली तेलाची वाटी आहे. तुझ्या गाडीला वाटी नाही?"

नव्हती. त्या वाटीलाच गाडीवाले 'कॅच कॅन' म्हणतात. इतकं सोपं वाक्य मला आठवडाभर नेटवर वाचून सुचलं नव्हतं.

बाबांच्या जुन्या बुलेटला ही भानगड नव्हती. तिच्या ब्रीदरच्या नळीला बदकाच्या चोचीसारखं एक रबर होतं. आतून फुंकर आली की चोच उघडायची, ओढ लागली की मिटायची, आणि जे काही तेल यायचं ते चेनवर टपकायचं. बाबा त्याला 'ऑटोमॅटिक ऑइलिंग' म्हणायचे. अंगणातल्या फरशीवर तो डाग अजून आहे. जुन्या मोटारींतही एक नळी इंजिनातून खाली रस्त्याकडे सोडलेली असे, धूर आणि तेल दोन्ही रस्त्यावर. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास सुरू झाल्यावर या नळीकडे लक्ष गेलं आणि १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने हा वायू परत इंजिनातच जाळायची सक्ती ठरवली. त्या वेळी बहुतेक पेट्रोल गाड्या कार्ब्युरेटरवर होत्या, म्हणजे पेट्रोल इनटेकमध्येच हवेत मिसळायचं. तेलाचा थोडासा ओलावा इनटेकमध्ये गेला तरी मागून येणारं पेट्रोल व्हॉल्व्ह धुऊन काढायचं.

माझ्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागून येतच नाही, थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर तेलाचा जो थर बसतो, तो तिथेच भाजत राहतो. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत घालून पाहिलं तर दिवाळीच्या चकल्या तळून झाल्यावर न घासता ठेवलेली कढई. काही कंपन्या आता त्याच इंजिनात दोन्ही ठिकाणी इंजेक्टर देतात, टोयोटाने ते बरंच आधी केलं. माझ्या नशिबी अक्रोड होते. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारतात. टरफल कार्बन खरवडतं पण धातूला ओरखडा काढत नाही. आईला बिल दाखवलं तर म्हणाली, "इतक्या पैशांत श्रीनगरला जाऊन अक्रोड खाऊन आलो असतो."

दुसरा त्रास नॉकिंगचा. तेलाची वाफ पेट्रोलात मिसळली की मिश्रणाचा ऑक्टेन घसरतो. मग मिश्रण स्पार्कची ज्योत पोचायच्या आत आपोआप पेटतं, ठोका पडतो, त्यालाच नॉकिंग म्हणतात. तसं वाटलं की इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क मागे घेतो आणि ताकद कमी होते. म्हणजे मी ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरत होतो आणि गाडी स्वतःच त्यात तेल कालवत होती.

मग मी जे केलं ते बहुतेक जण करतात. ऑनलाइन एक निळा चकचकीत डबा मागवला. दोन नळ्या, दोन क्लिपा, स्वतःच बसवला, फोटो काढले. तीन आठवड्यांनी उघडला तर आत कोरडा ठणठणीत. मला वाटलं, वा, इंजिन एकदम तंदुरुस्त. मामांनी झाकण काढून माझ्यासमोर धरलं. आत काहीच नव्हतं. ना जाळी, ना पडदा. वरच्या झाकणाला शेजारी शेजारी दोन भोकं. एकातून आलेला वाफारा डब्यात खाली न उतरता सरळ दुसऱ्यातून निघून जात होता. "शोकेसमध्ये ठेवा," मामा म्हणाले.

ठेवायच्या आधी त्याने एक उपद्रव करून घेतलाच. सोबत आलेली नळी पाण्याची होती. तेलाने ती फुगली, मऊ पडली, आणि एका रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत असताना वळणाजवळ दुमडली. घाटात पूर्ण बूस्ट, खाली वायू भरपूर, आणि बाहेर जायची वाट बंद. डिपस्टिक बोटभर वर आली आणि तेल गरम भागावर उडालं. केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास आल्यावर मी थांबलो. सील फुटलं नाही हे नशीब. त्यानंतर नाना पेठेतल्या दुकानात गेलो तर दुकानदाराचा पहिला प्रश्न, "नळी पाण्याला पाहिजे का तेलाला?" हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

खरा डबा भोसरीत बनला. मामांच्या ओळखीचा लेथवाला आणि शेजारी आर्गन वेल्डिंगवाला. चार इंची ॲल्युमिनियमचा पाइप, उंची सात इंच. येणारी नळी आत जवळजवळ दोन तृतीयांश खाली उतरवली. जाणारी नळी वर, झाकणाजवळ. मध्ये भोकं पाडलेली पत्र्याची तबकडी आणि तिच्यावर स्टीलची तारेची घासणी. होय, भांड्यांचीच. वाफाऱ्याला घासणीतून वळणं घेत जावं लागतं. वायू वळतो, तेलाचा थेंब जड असल्याने वळत नाही, तारेला चिकटतो, दुसऱ्या थेंबाला भेटतो, मोठा होतो आणि खाली टपकतो. पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसंच. फक्त एक भीती होती, घासणीची तार तुटून टर्बोत गेली तर? टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तिथे एक तारही नको. म्हणून घासणीच्या वर बारीक जाळीची दुहेरी चकती, कडेने वेल्डिंग केलेली. मी आमच्याच ओट्यावरून नवी घासणी उचलली होती, हे दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

बसवायची जागा निवडण्यात अर्धा दिवस गेला. टर्बोजवळ जागा होती, पण तिथे डबा तापतो आणि तापलेल्या डब्यात वाफ वाफच राहते. शेवटी समोरच्या बाजूला, हेडलाइटच्या मागे, जिथे वारा लागतो. नळीचा आतला व्यास १९ मिलिमीटर, मूळ नळीइतकाच. कुठेही अरुंद नाही, आणि मध्ये झोळ नाही, कारण झोळात तेल साठून बसतं. डबा इंजिनातून वाफारा निघतो त्या तोंडाच्या लगेच पुढे. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, ओढ असते, तेव्हा वायू तिकडे जातो. बूस्ट आला की त्या वाटेतला एकतर्फी व्हॉल्व्ह मिटतो आणि वायू टर्बोच्या तोंडाकडून ओढला जातो. डबा एकाच वाटेवर लावला तर दुसरीकडून तेल जातच राहतं.

काही मित्र म्हणाले, परत कशाला जोडतोस, बाहेर सोडून दे. रेसच्या गाड्यांत तसं करतात. तिथे ट्रॅकवर तेल सांडून मागचा घसरू नये म्हणून टाकी लागते. मोटार रेसिंगची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमात २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरची आणि त्यावर ३ लिटरची, आतलं दिसेल अशी. रस्त्यावरच्या गाडीला मात्र बाहेर सोडणं मला पटत नाही. सिग्नलला उभं राहिलं की ब्लोअरमधून तो वास केबिनमध्ये येतो, शिवाय हवा मोजणाऱ्या सेन्सरचा हिशोबही चुकू शकतो. आणि ती घाण पुण्याच्या हवेत सोडायची, हे वेगळंच.

आता वहीतले आकडे. पहिल्या हजार किलोमीटरला २८ मिली. मी खूश. मामा नाही. "पाऊण लिटर पिते ना पाच हजाराला? म्हणजे हजाराला दीडशे. डब्यात अठ्ठावीस. बाकीचं कुठे गेलं?"

मी गप्प. हा हिशोब मी डबा बनवायच्या आधी करायला हवा होता. डबा लावल्याने इंजिनातून बाहेर पडणारं तेल कमी होत नाही, ते फक्त इनटेकऐवजी डब्यात जातं. आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सीलमधून किंवा रिंगांवरून जळणारं तेल डब्याला दिसतच नाही.

मग खरी शोधाशोध. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, एक बारीक शिट्टी यायची, ती मी टर्बोची समजून कौतुकाने ऐकत होतो. ती पीसीव्ही व्हॉल्व्हच्या, म्हणजे क्रँककेसचा वायू इनटेककडे मापात सोडणाऱ्या झडपेच्या, फाटलेल्या रबरी पडद्याची निघाली. तो फाटला की मॅनिफोल्डची ओढ थेट क्रँककेसला लागते आणि तेल खेचलं जातं. दुसरा गुन्हेगार मी. तेल कमी होतं म्हणून दर वेळी 'थोडं जास्तच बरं' असं म्हणत कमाल खुणेच्या वर भरत होतो. जास्त भरलेलं तेल फिरत्या क्रँकला लागतं, घुसळलं जातं आणि फेस होतो. रवी मी, ताकही माझंच. तिसरं, तेलाच्या डब्यामागची माहिती वाचायला लागलो. नोॲक नावाची चाचणी असते, २५० अंशांना तासाभरात तेल किती टक्के उडून जातं ते मोजतात. युरोपच्या ए३/बी४ वर्गात ही मर्यादा १३ टक्के आहे. मी त्याहून बरंच कमी उडणारं घेतलं.

पडदा बदलला, पातळी दोन्ही खुणांच्या मध्ये ठेवली, तेल बदललं. पुढच्या पाच हजारांत पाऊण लिटरचं पाव लिटर झालं. त्यात डब्याचा वाटा शून्य.

डबा तरी मी ठेवला आहे, आणि तो बोलतो. डिसेंबरात रोज ऑफिसचे चार किलोमीटर, इंजिन तापायच्या आतच बंद. तेव्हा हजार किलोमीटरला ६० मिली निघालं, पण बहुतेक पाणीच, तेलात घुसळून लोण्याच्या रंगाचं झालेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेड गॅसकेट गेली, कूलंट तेलात उतरलं असं वाटून माझे हातपाय गळाले होते. कूलंटची पातळी जशीच्या तशी होती, एका लांब फेरीनंतर रंग परत काळा. मिनियापोलिसला असलेल्या मावसभावाच्या डब्यात हेच पाणी जानेवारीत गोठलं आणि नळी तुंबली. थंडीपुरता तो डबा काढूनच ठेवतो. आपल्याकडे ती चिंता नाही.

कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर एकदा गेलो होतो, २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार फेऱ्या, सतत वरचे आरपीएम, वळणांत तेल एका बाजूला लोटलेलं. संध्याकाळी ७० मिली, सगळं काळं तेल, पाण्याचा थेंब नाही. साठ-सत्तर किलोमीटरही झाले नव्हते. तिथे डब्याचे पैसे वसूल झाले असं म्हणायला हरकत नाही.

काढलेलं तेल बाटलीत साठवून मामांच्या पिंपात टाकतो. गटारात नाही, आणि कुणी सुचवलं तसं परत इंजिनात तर अजिबात नाही. त्यात पाणी आणि पेट्रोल असतं.

घासणीचं प्रकरण अखेर उघडकीला आलं. तडजोड अशी झाली की ज्या रविवारी गाडीची वाटी रिकामी होईल, त्या रविवारी ओट्यावरच्या चिमणीची वाटी आणि जाळ्या मी धुवायच्या. परवा ताम्हिणीहून आल्यावर गाडीची काढली, २२ मिली. चिमणीची त्याच मापाने मोजली, ४०.