ओंजळीतला श्वास

लेकीला झोपवताना गोष्ट सांगत होतो. राक्षस गुहेतून बाहेर यायच्या बेतात होता, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, तू तिकडे तोंड करून सांग ना." का, तर "तुझ्या तोंडाला वास येतो." राक्षस गुहेतच राहिला.

बाथरूममध्ये जाऊन ओंजळ तोंडावर धरली, हाऽ केलं आणि हुंगलं. काहीच नाही. सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते, आणि आपला श्वास तर नाकाचा जन्मापासूनचा शेजारी. त्यापेक्षा मनगट चाटून, ते जरा वाळलं की हुंगणं बरं म्हणतात. सगळ्यात निर्दय तपासणी चमच्याची. चमचा उलटा करून जिभेच्या मुळाशी, उमासा येईल तिथवर नेला आणि हलकेच पुढे ओढला. कडेला पिवळसर, चिकट थर जमला. मिनिटभर थांबून नाकाशी नेला. लेकीने फारच सौम्य शब्द वापरले होते.

त्या खडबडीत, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात जीवाणू मुक्काम ठोकून असतात. अन्नाचे कण, झडलेल्या पेशी, जे मिळेल त्यातली प्रथिनं फोडायची आणि गंधकाचे वायू सोडायचे, हा त्यांचा उद्योग. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. दुसरा मिथाइल मरकॅप्टन. त्याचाच भाऊबंद, इथाइल मरकॅप्टन, गळती लगेच कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात. माझी गळती कळायला मात्र लेक लागली. रात्री लाळ फार कमी सुटते, धुऊन न्यायला कुणी नसतं, म्हणून पहाटेचा श्वास भल्याभल्यांचा तसाच.

दुसऱ्या दिवशी दुकानात माउथवॉशच्या, म्हणजे चूळ भरायच्या पाण्याच्या, फळीसमोर उभा राहिलो. निळं, हिरवं, जांभळं पाणी. बर्फ, वादळ, स्फोट असली नावं. ही भीती विकायची युक्ती जुनी आहे. लिस्टरीन हा प्रसिद्ध माउथवॉश 1879 मध्ये आला तो जंतुनाशक म्हणून. पुढे 1920 च्या दशकात जाहिरातींनी 'हॅलिटोसिस' हा भारदस्त शब्द घरोघरी पोहोचवला आणि साधा तोंडाचा वास एकदम आजार झाला. मीही सगळ्यात जहाल बाटली उचलली. जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं, औषध लागू पडल्याची खात्री पटली. तासाभरात तोंडाला कोरड. त्यात भरपूर अल्कोहोल होतं, आणि तोंड कोरडं पडणं म्हणजे त्या गंधकवाल्यांना रान मोकळं.

शेवटी दंतवैद्य. डॉक्टरीणबाईंनी दोन दाढांमधून फ्लॉसचा दोरा फिरवला आणि मलाच हुंगायला दिला. लाजेने मान खाली घालायची सोय नव्हती, खुर्ची मागे कललेली. "तुम्ही दर्शनी भाग घासता, गल्लीबोळ तसेच," त्या म्हणाल्या. हिरड्यांतून रक्त येत होतं, तेही एक कारण. खरेदीची यादी अगदीच नीरस निघाली: मऊ ब्रश, 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट, फ्लॉस, टंग क्लीनर. माउथवॉश हवाच तर बिनअल्कोहोलचा, जस्ताचे क्षार असलेला, कारण जस्त गंधकाला धरून ठेवतं. नुसता पुदिना फक्त वासावर वास पांघरतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश सांगितल्याशिवाय घ्यायचा नाही, बरेच दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. एवढं करूनही वास राहिलाच, तर टॉन्सिल, सायनस, चालू असलेली औषधं बघायची. बर्फ, वादळ, स्फोट यांचा उल्लेखही नाही.

टंग क्लीनर मी आधी फार त्वेषाने चालवला, जीभ सोलून काढली. मग कळलं, जोर नको, फक्त पार मागून सुरुवात करायची.

तीन आठवड्यांनी राक्षस गुहेतून बाहेर आला. लेकीने तोंड फिरवलं नाही.

आता अडचण वेगळीच आहे. ऑफिसात शेजारी बसणारे एक सज्जन काही सांगायचं झालं की कानाशी येऊन सांगतात, आणि माझं नाक आता तरबेज झालंय. सांगायचं कसं? लेकीसारखा आठ वर्षांचा असतो तर सांगून मोकळा झालो असतो. काल धीर करून पुदिन्याची गोळी पुढे केली. ते आणखी जवळ सरकले आणि म्हणाले, "नको, मला असल्या गोष्टींची गरज पडत नाही."