गलतीकरांचा रिकामा रकाना

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. जुनी दगडी इमारत, घंटा, स्नेहसंमेलन यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला लिहायचे आहे ते शास्त्राच्या, म्हणजे बायबल शिकवणाऱ्या, बाईंबद्दल, आणि तेही त्यांनी नववीला नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रे कशी शिकवली एवढ्याचबद्दल. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत ‘शास्त्राच्या बाई’ म्हटल्यावर दुसरे कोणी डोळ्यांपुढे येणार नाही.

पौल म्हटला की उत्तराचा साचा ठरलेला: जन्म तार्स, गुरू गमलियेल, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश दिसून ख्रिस्ताकडे वळणे, प्रचाराच्या तीन फेऱ्या, रोम. बाईंनी तो साचाच मोडला. पहिले दोन आठवडे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पौलाची हकिकत सांगणारे पुस्तक उघडायचेच नाही. आधी पत्रे, कारण ती त्याची स्वतःची. कृत्ये दुसऱ्याने मागाहून लिहिलेली, आणि त्याच्या 28 अध्यायांत पौलाने मंडळ्यांना, म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समुदायांना, पत्रे पाठवल्याचा शब्दही नाही.

पत्रेसुद्धा छापलेल्या क्रमाने नाहीत. पौलाच्या नावाची 13 पत्रे, 87 अध्याय. आधी मंडळ्यांची, मग व्यक्तींची, आणि दोन्हीकडे साधारण लांबीच्या उतरत्या क्रमाने लावलेली. ‘रोमकरांस’, म्हणजे रोमच्या मंडळीला लिहिलेले पत्र, पहिले आहे ते लांब म्हणून, आधी लिहिले म्हणून नव्हे. फिलेमोन शेवटी, कारण वचने 25. एके ठिकाणी मात्र हा हिशेब चुकतो: गलतीकरांसची वचने 149, इफिसकरांसची 155, तरी गलती पुढे. इ.स. 200 च्या आसपासचे पपायरसचे जे हस्तलिखित आज डब्लिन आणि मिशिगन असे विभागून आहे, त्यात इफिस आधी येते. नववीच्या पोरांना हे सांगणारी बाई आमच्या वाट्याला आली.

वाचायची रीत अशी. पत्र एका बैठकीत, मोठ्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वचनांचे आकडे म्हणायचे नाहीत. ते 1551 साली छापखान्यात पडले, पौलाने घातलेले नाहीत. आकड्यांपाशी थांबत वाचले की पत्राची सुविचारमाला होते आणि ‘म्हणून’, ‘परंतु’ हे शब्द गळून पडतात. गलतीकरांसला वीसेक मिनिटे लागतात, रोमकरांसला सुमारे तास. त्यासाठी बाई गणिताच्या सरांकडून तास मागून घेत. फिलेमोनास पत्र आम्ही अंतर्देशीय पत्रावर उतरवून काढले. बारीक अक्षरात बरोबर बसते. घडी घालून वर पत्ता लिहिला की कळते, हे एका माणसाच्या घरी, त्याच्याच गुलामाबद्दल गेलेले पत्र आहे.

मग कार्डशीट. उभ्या रेघा मारून सहा रकाने: कोणाकडून, कोणाला, कोणाच्या हातचे, उपकारस्तुती (देवाचे आभार), प्रश्न किंवा तक्रार, सलाम. तिसरा रकाना मुलांना चुकून घातलेला वाटे. पण रोमकरांसच्या सोळाव्या अध्यायात तर्तिय ‘हे पत्र मी लिहिले’ म्हणून मध्येच सलाम घालतो. म्हणजे सांगणारा एक, लेखणी दुसऱ्याची. त्या काळी सरकारी टपाल सरकारी कामापुरते, त्यामुळे पत्र नेणारा माणूसही शोधावा लागे. किंख्रियाच्या फीबीची शिफारस त्याच अध्यायात आहे. बहुधा तीच ते घेऊन गेली.

पाचव्या रकान्याला सर्वांत जास्त वेळ जाई. करिंथकरांसच्या पहिल्या पत्रात सातव्या अध्यायापासून ‘त्याविषयी’ असे शब्द येतील तिथे तांबडी रेघ मारायची (आधी अध्याय, मग वचन): 7:1, 7:25, 8:1, 12:1, 16:1, 16:12. करिंथकरांनी आधी पत्र पाठवले होते, त्यातले मुद्दे तो एकेक घेतो आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 7:1 मधले ‘पुरुषाने स्त्रीला शिवू नये ते बरे’ हे पौलाचे मत धरणे. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ते करिंथकरांचेच वाक्य आहे. पौल ते उचलतो आणि लगेच दुसरी बाजू मांडतो. शिवाय 5:9 मध्ये तो स्वतःच्या त्याआधीच्या पत्राचा दाखला देतो. म्हणजे आपण ‘पहिले’ म्हणतो ते पहिले नव्हेच.

आणि आता तो प्रसंग. गलतीकरांसच्या ओळीत ‘उपकारस्तुती’खाली दुसऱ्या बाकावरच्या मुलीने ‘1:5’ लिहिले. चूक अगदीच वेडगळ नव्हती. त्या वचनात गौरव आहे, आमेन आहे. बाईंनी खोडले नाही. चौघांना उभे केले आणि चार आरंभ वाचायला लावले: रोमकरांस 1:8, करिंथकरांस पहिले 1:4, फिलिप्पैकरांस 1:3, थेस्सलनीकाकरांस पहिले 1:2. चारही ठिकाणी ‘मी देवाचे आभार मानतो’ किंवा ‘आम्ही मानतो’. मग तिलाच गलतीकरांस 1:6 वाचायला सांगितले. ‘मला आश्चर्य वाटते...’ एवढ्यावर बाईंनी तिला थांबवले आणि विचारले, ‘‘तुझ्या मामाचं पत्र आलं आणि वर ‘अनेक आशीर्वाद’ नाही, खुशाली नाही, पहिल्याच ओळीला ‘हे काय ऐकतो आहे मी?’ असं असलं, तर आई काय म्हणेल?’’

‘‘मामा चिडलाय.’’

‘‘मग तो रकाना कोरा ठेव. जे नाही ते भरायचं नाही.’’

मुलीने खोडरबराने ‘1:5’ पुसले. शेवटचा रकानाही रिकामाच राहतो हे त्यानंतर कोणाच्या तरी लक्षात आले. रोमकरांसच्या शेवटी दोन डझनांहून अधिक माणसांना सलाम आहे. गलतीकरांसच्या शेवटी नाव घेऊन एकालाही नाही. आणि तिसऱ्या रकान्यात 6:11: ‘किती मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे पाहा.’ करिंथकरांसच्या दुसऱ्या पत्रात उपकारस्तुतीच्या जागी निदान ‘देव धन्यवादित असो’ तरी आहे. मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत दोन्ही नसलेले हे एकटेच.

तिसऱ्या आठवड्यात कृत्ये उघडले, ते तारखांच्या खुंट्या ठोकायला. पहिली खुंटी गल्लियो, अखया या रोमी प्रांताचा सुभेदार. डेल्फीच्या शिलालेखात सम्राट क्लौद्याच्या पत्रात त्याचे नाव आहे. त्यावरून अखयातला त्याचा अंमल इ.स. 51-52 च्या सुमाराचा ठरतो. करिंथात दीड वर्ष राहिलेल्या पौलाला त्याच्याच पुढे उभे केले होते. दुसरी खुंटी नबाती अरबांचा राजा अरीतास, मृत्यू इ.स. 40 च्या सुमारास. दिमिष्काच्या तटावरून टोपलीत बसून पळाल्याची हकिकत पौल सांगतो त्यात याच राजाचा अधिकारी पाळतीवर आहे. कृत्यांत यहूदी आहेत. बाई दोन्ही लिहून घेत, पत्रातले निळ्या शाईत, कृत्यांतले काळ्या. मेळ घालायची घाई नाही. गलतीकरांसमधली ‘तीन वर्षे’ आणि ‘चौदा वर्षे’ यांची सरळ बेरीज करून सतरा लिहिले की अर्धा गुण जाई. अपुरे वर्षही पुरे धरायची तेव्हा रीत होती, आणि चौदा कुठून मोजायची हे पत्रात स्पष्ट नाही.

सापळेही त्यांचे ठरलेले होते. दिमिष्काच्या वाटेवर घोडा कुठे आहे, दाखवा. नाही; तो चित्रकारांचा. शौलाचा पौल केव्हा झाला? दिमिष्काच्या वाटेवरचा बदल कृत्यांच्या नवव्या अध्यायात, ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ हे तेराव्यात, कुप्र बेटावर. जहाज किती वेळा फुटले? सगळे ‘तीन’ म्हणत, कारण करिंथकरांस दुसरे 11:25 मध्ये तसे आहे. पण ते पत्र रोमच्या प्रवासाआधीचे. माल्ट्याजवळ फुटले ते चौथे, जहाजावर 276 माणसे. त्या रात्री खलाशांनी पाणी मोजले तर आधी वीस वाव, मग पंधरा. मालवणहून आलेला एक मुलगा दोन्ही हात ताणून ‘ही एक वाव’ म्हणाला, तेव्हा बाईंनी त्यालाच खडू दिला. कृत्यांतले ‘पराणीवर लाथ मारणे’ समजावायला मात्र त्या घरून खरीच पराणी घेऊन आल्या होत्या, बैल हाकायची, टोकाला आर असलेली.

त्या वर्गातून दोन पाळक निघाले आणि एक जण ग्रीक शिकवते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांचे वर्ग मी घेतो ते याच सहा रकान्यांवर. हल्ली शास्त्राचा तास आठवड्यातून एकदाच, पस्तीस मिनिटांचा असतो, असे ऐकतो. त्यात रोमकरांस बसत नाही. मुलांच्या मोबाईलवर रोज एक वचन येते, आगापिछा नसलेले. बाईंनी त्याला काय म्हटले असते ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू गोळा करणार आहात, असे निमंत्रणात वाचले. ग्रंथालयाच्या कपाटामागे आमची ती कार्डशीट सापडली तर जरूर लावा. गलतीकरांसच्या ओळीत दोन घरे कोरी दिसतील, त्यातल्या एकात खोडरबराचा मळका डाग. राहून गेली असतील म्हणून कोणी पेन घेऊन भरू नयेत, एवढी विनंती.